लाकडी लहरी

मी सध्या सॅनिटरीवेअरचं दुकान चालवतो. मागच्या भिंतीला ओळीनं कमोड मांडलेले आहेत, उजव्या हाताला वॉश बेसिनं आहेत, आणि या दोहोंच्या मधोमध, नळ टांगलेल्या फळीखाली, माझी खुर्ची आहे. गिऱ्हाईक आलं की मी उठून उभा राहतो आणि म्हणतो, "बसून बघा, संकोच करू नका."

तर हे तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालेलंच नाही. आपण असं धरून चालू की मी अजून घरीच आहे, पदवीधर आहे, मोकळा आहे, आणि माझ्या आयुष्याचा निर्णय बाकीचे लोक जेवणाच्या टेबलाशी घेत आहेत.

निर्णय घ्यायला अवघड नव्हता. दुसऱ्या गावी माझ्या मामांचं दुकान आहे आणि मामांना मूलबाळ नाही. मला नोकरी नाही. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की आईला लगेच तिसरी दिसते. "मामाच्या हाताखाली शिकेल, पुढे सगळं त्याचंच," हे ती इतक्या वेळा म्हणाली होती की बाबा आता ते वाक्य सुरू होण्याआधीच मान डोलवत.

मला जायचं नव्हतं. मी भूगोल घेऊन एम.ए. झालो आहे आणि मला नकाशे काढायचे होते. नद्या, डोंगर, उंचसखल भाग. पाणी कुठून निघून कुठे जातं हे दाखवण्याची मला खरोखर हौस आहे, पण ते कमोडमधून कुठे जातं हा भाग मला अभ्यासक्रमात नव्हता.

मग सांगायचं की सरळ, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही आमच्या घरी जेवला नाहीत म्हणून म्हणाल. आमच्याकडे वाक्य पूर्ण करण्याची पद्धत नाही. भांडण नसतं हं, प्रेमच असतं, पण ते सगळ्यांचं एकाच वेळी असतं. बाबा म्हणतात, "त्या दिवशी मी बँकेतून बाहेर पडलो, तर छत्री..." की ताई म्हणते, "बँकेवरून आठवलं," आणि तिला काय आठवलं ते कळायच्या आत आई म्हणते, "आधी भाजी घ्या, गार होतेय." भाजी घेईपर्यंत तिघं तीन विषयांवर पोचलेले असतात. बाबांची ती बँकेबाहेरची छत्री मी लहानपणापासून ऐकत आलोय. ती हरवली, मोडली की कुणाच्या डोळ्यात गेली, हे घरात कुणालाही माहीत नव्हतं.

या गर्दीत माझं आजवरचं सर्वांत लांब भाषण "मला असं वाटतं की" एवढंच झालेलं होतं. घरात तेच माझं मत म्हणून धरलं जायचं. "त्यालाही तसंच वाटतं हो," आई मामांना फोनवर सांगायची. "दुकानाची फार ओढ आहे पोराला." मामा पलीकडून म्हणायचे, "हं." मामा एवढंच बोलतात. आईच्या मते ते विचार करत असतात.

अशात एके दिवशी आमच्या रस्त्याच्या टोकाला जी संशोधन संस्था आहे, तिच्या फाटकावर एक कागद चिकटवलेला दिसला. पहारेकरी, आग विझवणारे, गोदामांतले लोक दिवसभर हातात वॉकीटॉकी धरतात. त्यातून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींचा त्यांच्या विचारशक्तीवर आणि स्वास्थ्यावर काही परिणाम होतो का, हे तपासायला संस्थेला माणसं हवी होती. मी विज्ञानावर प्रेम करणारा माणूस नाही. पण खाली एक ओळ होती. 'अभ्यास पूर्ण होईपर्यंत सहभागी व्यक्तींनी गाव सोडू नये.' ती ओळ वाचून विज्ञानाबद्दल मला जो उमाळा आला, तो शाळेत आला असता तर आज मी कुठल्या कुठे असतो.

आत एका खोलीत केस कापायला असते तशी खुर्ची, समोर पडदा, आणि पांढऱ्या कोटातल्या संशोधक बाई. बाई अतिशय जपून बोलत. आपल्या बोलण्याचा माझ्यावर परिणाम होईल आणि तो लहरींच्या नावावर जाईल, ही त्यांची मोठी धास्ती.

"पडद्यावर खुर्ची दिसली की बटण दाबायचं," त्या म्हणाल्या. "टेबल दिसलं की दाबायचं नाही."

"आणि स्टूल दिसलं तर?"

"स्टूल दिसणार नाही."

"पण समजा दिसलं."

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. माझी विचारशक्ती तिथूनच मोजायला सुरुवात झाली असावी.

मग त्यांनी मला एक काळा, जड वॉकीटॉकी दिला. रोज घरी डाव्या कानाशी धरायचा, बाजूचं बटण दाबून काहीही बोलायचं, बटण सोडून ऐकायचं. पलीकडे कुणीही नसणार. आणि महत्त्वाचं म्हणजे निम्म्या लोकांना खरे संच दिलेत, निम्म्यांना खोटे. दिसायला, वजनाला, दिव्याला सारखेच. खोट्यातून लहरी निघत नाहीत.

"माझा कुठला?"

"ते मलाही माहीत नाही. माहीत असतं तर माझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर काहीही दिसत नव्हतं.

घरी मी संच टेबलावर ठेवला आणि गाव सोडता येत नसल्याचं जाहीर केलं. आई मटकन खुर्चीवर बसली.

"डोक्यावर परिणाम? म्हणजे आहे त्याच्यावर आणखी?"

"होतो का, ते बघतायत," मी म्हणालो.

"आणि झाला म्हणजे? मामाला काय तोंड दाखवू? त्याला धड माणूस कबूल केलाय मी!"

अशा वेळी आमच्या वरच्या मजल्यावरून उपायकाका खाली येतात. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर असेल, पण जगात असा एकही त्रास नाही ज्यावर त्यांच्याकडे उपाय नाही, आणि असा एकही उपाय नाही ज्यातून नवा त्रास निघत नाही. त्यांनी वॉकीटॉकी लांबून, हात पाठीमागे बांधून पाहिला.

"लहर ही एका कानातून शिरते," ते म्हणाले. "तिला बाहेर पडायला वाट हवी. ती नसली की ती आतच फिरत राहते. म्हणून दुसऱ्या कानाला बटाटा धरायचा."

"बटाटा?" ताईनं विचारलं.

"कच्चा. सोललेला नाही. लहर डावीकडून येते, विचार ओलांडते, आणि उजवीकडून बटाट्यात शिरते."

"आणि मग त्या बटाट्याचं काय करायचं?" आईनं विचारलं. ती स्वयंपाकघराच्या वाटेला लागलीसुद्धा होती.

"खायचा नाही," उपायकाका आवाज खाली आणून म्हणाले. "कुणाच्या डोक्यातून आलाय, सांगता येत नाही."

अशा रीतीनं मी, एक एम.ए. झालेला मनुष्य, रात्रीच्या जेवणाला डाव्या कानाशी वॉकीटॉकी आणि उजव्या कानाशी बटाटा धरून बसलो. जेवायला हात उरला नव्हता. समोर नेहमीप्रमाणे छत्री, बँक आणि भाजी एकमेकांवर आदळत होत्या. मी अंगठ्यानं बटण दाबलं. संचावर लाल दिवा लागला.

आणि टेबल गप्प झालं.

आईनं तोंडावर पदर धरला. "कोण ऐकतंय?" तिनं खुणेनं विचारलं.

कुणीही ऐकत नाही हे मी सांगणार होतो. पण त्या शांततेत मला भाजी चघळल्याचा आवाज ऐकू आला. माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी, हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी काहीच सांगितलं नाही.

तुम्हाला आमच्यासारख्या घरांची माहिती असेलच. आपसात आम्ही काहीही असू, पण बाहेरचं माणूस आलं की आमची कपबशी बदलते, आवाज बदलतो, आणि बाबा तर स्वतःला "आम्ही" म्हणू लागतात. तो लाल दिवा म्हणजे बाहेरचं माणूस. ते टेबलावर येऊन बसलं होतं आणि त्याच्यासमोर एकमेकांचं बोलणं तोडणं बरं दिसत नव्हतं.

मी संच बाबांसमोर ठेवला. बाबांनी घसा खाकरला, बटण दाबलं आणि सावकाश म्हणाले, "त्या दिवशी आम्ही बँकेतून बाहेर पडलो, तर छत्री आमच्या हातात होती. घरापर्यंत आलो. दारात पाहतो तर ती छत्री आमची नव्हतीच."

सगळे थांबले.

"आणि?" आईनं बटण दाबून विचारलं.

"आणि एवढंच," बाबा म्हणाले. "पण तेव्हापासून मनाला लागून आहे. माझी छत्री घेऊन गेलेला माणूसही कुठेतरी असा बसला असेल."

आईनं बाबांच्या ताटात आणखी भाजी वाढली. इतक्या वर्षांत न विचारता वाढण्याची ही पहिलीच वेळ असावी. ताईचे डोळे भरून आले. बटाटा मात्र तसाच थंड होता, म्हणजे लहर अजून तिथवर पोचली नव्हती.

पुढच्या दिवसांत आमच्या घराचं स्वास्थ्य इतकं सुधारलं की मला भीती वाटायला लागली. ताई आपल्या साहेबांविषयी बोलली, आणि ते बोलणं साहेबांवरच संपलं, त्यांच्या बायकोच्या साडीवर गेलं नाही. आईनं सांगितलं की तिला भाजी मुळीच गरम लागत नाही, गार आवडते, ती आयुष्यभर आमच्यासाठी घाई करत होती. माझं डोकंही साफ चालू लागलं. विचार सुरू झाला की तो पुढे जायचा, वळण घ्यायचा, एखाद्या ठिकाणी पोचायचा. यापूर्वी माझे विचार नेहमी बस चुकल्यासारखे थांब्यावर उभे असत. संस्थेत मी पडद्यावरच्या खुर्च्या अशा टिपल्या की बाईंनी पडदा बिघडला का ते तपासलं.

"मन कसं आहे?" त्या म्हणाल्या. "ठीक, बरं, की फार बरं? मी काहीच सुचवत नाहीये."

"फार बरं."

"नक्की ना? म्हणजे, 'नक्की ना' असंही मी विचारलेलं नाही."

मला माझं वाक्य पुरं करण्याचा रस्ता आता उघडा होता. 'आई, मला मामांच्या दुकानात जायचं नाही, मला नकाशे काढायचेत.' रोज ठरवायचो की आज बोलायचं. पण संच हातात आला पाहिजे ना!

कारण तोवर बातमी जिन्यानं वर गेली होती. पहिले आले उपायकाका. जावयाशी त्यांचं पटत नव्हतं, म्हणून संध्याकाळपुरता वॉकीटॉकी हवा होता. जावई बोलला, काका बोलले, सगळं छान झालं, आणि मग सहज म्हणून काकूंनी संच उचलला. बटण दाबून त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही मला रोज सकाळी जो काढा देता, तो मी कधीच प्यायलेले नाही. तो मी गच्चीतल्या झाडाला घालते."

"कुठल्या झाडाला?" काकांनी बटण दाबून विचारलं.

"आता नाहीये ते."

काका दोन दिवस खाली उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या अध्यक्षांनी सभेसाठी संच नेला. लिफ्ट बदलायची की दुरुस्त करायची, यावर आमच्या इमारतीत कैक वर्षं चर्चा चालू आहे. त्या सभेत ती पहिल्यांदाच संपली. लिफ्ट दुरुस्त करायचं ठरलं. मग उत्साहाच्या भरात अध्यक्ष म्हणाले, आता माझ्या कारभाराविषयीही मोकळेपणानं बोला. लोक मोकळेपणानं बोलले. एकामागून एक, बटण दाबून, कुणीही कुणाला न तोडता, अतिशय सभ्य भाषेत. अध्यक्षांना मधे बोलायची सोयच नव्हती. शेवटी त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच दुरुस्त न झालेल्या लिफ्टमध्ये जाऊन बसले. त्यांना बाहेर काढायला संध्याकाळ झाली.

आता माझ्याकडे लोक वेगळ्या नजरेनं पाहू लागले. "तुझ्या यंत्रानं आमचं घर फोडलं," असं तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या आणि लगेच, "उद्या सकाळी मिळेल का? सासूबाईंशी जरा बोलायचंय," असंही म्हणाल्या. माझा संच, माझा कान, माझं विज्ञान, आणि मलाच नंबर लावावा लागत होता. बटाटा मात्र कुणी मागत नव्हतं. तो बापडा माझ्यापाशीच असायचा आणि त्याला आता कोंब आले होते. उपायकाका म्हणाले, हा लहरींचाच पुरावा. आई म्हणाली, कुठल्याही बटाट्याला येतात.

मग बाबांनी संच उघडला.

यात बाबांचा दोष नाही. त्यांना घरातल्या प्रत्येक यंत्राचं मागचं झाकण काढून सेलची टोकं खोडरबरानं पुसायची सवय आहे. आमची घड्याळं त्यामुळे स्वच्छ असतात आणि बंद असतात. त्यांनी वॉकीटॉकीचं झाकण काढलं आणि हाक मारली, "जरा इकडे या सगळे."

आत सेलच्या जागी लाकडाचा ठोकळा होता. छान घासलेला, वजनासाठी शिसं भरलेला, कोपरे गोल केलेले. एका कडेला दिव्यापुरता घड्याळातला बारकासा सेल. बाकी काही नाही.

"लाकूड!" आईनं हात जोडले. "पोराच्या डोक्याला काही झालं नाही! मामाला आजच कळवते. उद्याच येऊन घेऊन जाईल."

"कामही नीट केलंय," बाबा ठोकळा उलटासुलटा करत म्हणाले. "वाळलेलं लाकूड आहे. फसवायचं तरी किती मनापासून."

"पण मग," ताई सावकाश म्हणाली, "आपण सगळे इतके दिवस शहाण्यासारखे का वागत होतो?"

एकमेकांकडे पाहण्याचीही पंचाईत झाली. कुणी ऐकत नव्हतं, हे आता उघड होतं. पण लगेच पुन्हा ओरडाओरड सुरू करावी, तर आपण इतके दिवस फक्त लोकांसाठी सभ्य होतो असं ठरणार. ही गोष्ट आमच्या घराण्याला परवडणारी नव्हती. आईनंच मार्ग काढला. तिनं झाकण लावलं, बटण दाबलं, लाल दिवा लागल्याची खात्री केली आणि म्हणाली, "आपण आधीपासून असेच आहोत." मग तिनं मामांना फोन केला.

मी संस्थेकडे धावलो. माझ्याजवळ एकच आशा होती. माझ्या विचारशक्तीत एवढा फरक पडला आहे की अभ्यास आणखी लांबवायला हवा, असं त्यांनी लिहून दिलं तर मामांना रिकाम्या हातानं परत जावं लागेल.

बाईंनी मी सांगितलं ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच हलला. "तुम्ही उघडलात?" त्या म्हणाल्या. "आता मला कळलं तुमचा कुठला ते. आता मी तुमच्याशी बोलूच शकत नाही." आणि त्यांनी मला आतल्या खोलीत संचालकांकडे पाठवलं.

संचालकांची खोली थंड होती. टेबलावर काच, काचेखाली जुनी पत्रं, आणि काचेवर कोपरं टेकलेले संचालक.

"तर तुम्ही खोट्या गटातले," ते म्हणाले.

"हो साहेब. पण माझ्यावर फार परिणाम झालाय. आमच्या घरावर झालाय. बाबांची छत्री..."

"खोट्या गटावर परिणाम होत नसतो."

"पण झालाय!"

"मग तो परिणाम नाही." ते मुळीच चिडले नव्हते. "हे बघा, खरा गट आहे परिणाम व्हायला. तुमचा गट आहे न व्हायला. उद्या तुमच्या गटालाही व्हायला लागला, तर आम्ही मोजायचं कशाशी?"

"साहेब, मी आता शेवटपर्यंत विचार करू शकतो."

"वाटत असेल तसं."

"अध्यक्षांनी राजीनामा दिला! काढ्यानं झाड मेलं!"

"ते अध्यक्ष आणि ते झाड," संचालक म्हणाले, "दोन्ही खोट्या गटातले."

मी मग विचारलं, "खऱ्या गटातल्या लोकांना काय झालं?"

"अजून काहीच नाही. पण झालंच, तर त्यांची जबाबदारी संस्थेवर आहे. त्यांच्या विचारांत, वागण्यात, आयुष्यात जो काही फरक पडेल, तो आम्ही आमच्या खर्चानं पूर्ववत करून देतो. नियमच आहे तसा."

"आणि माझ्या?"

"तुमच्या आयुष्यात काही झालेलंच नाही," ते म्हणाले आणि मला दारापर्यंत सोडायला उठले. "तुमचा अभ्यास पूर्ण झाला. गाव सोडायला हरकत नाही. जाताना संच जमा करा."

मी संच जमा केला नाही. एवढं एक वाक्य बोलून झालं की करणार होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात छोटी पिशवी, चेहऱ्यावर नेहमीचं "हं." टेबलाशी आई, बाबा, ताई. मला निरोप द्यायला उपायकाका आणि काकूही आल्या होत्या, दोघांच्या मधे एक खुर्ची रिकामी सोडून.

"सामान बांधलंस ना रे?" आईनं विचारलं.

मी वॉकीटॉकी उचलला. डाव्या कानाशी धरला. बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. एवढी शांतता माझ्या वाट्याला आजवर आली नव्हती. वाक्य तोंडात तयार होतं, कर्त्यापासून क्रियापदापर्यंत. माझ्या सगळ्या नद्या आणि डोंगर त्या वाक्याच्या टोकाला उभे होते.

"मामा," मी म्हणालो, "मला असं वाटतं की"

आणि माझा अंगठा उचलला गेला.

मी उचलला नाही. तो आपणहून उठला. माझं वाक्य या जागी संपतं हे आयुष्यभर ठरलेलं आहे, आणि ते माझ्या अंगठ्याला माझ्याआधी माहीत होतं. लाल दिवा विझला. घरात आता नियम इतका अंगवळणी पडला होता की माझं बोलणं झालं असं सगळ्यांनी मानलं. मामांनी हात पुढे केला आणि संच माझ्याकडून घेतला.

मामांनी बटण दाबलं. आणि मामा बोलले.

"मला हे दुकान कधीच नको होतं," मामा म्हणाले. "वडिलांनी विचारलं, दुकान बघशील ना? मी म्हटलं, जरा विचार करून... तेवढ्यात हिनं सगळ्यांना सांगितलं, दादा तयार आहे. मला तळ्याकाठी राहायचं होतं. होड्या भाड्यानं द्यायच्या होत्या. आयुष्यभर पाण्याचाच धंदा केला, पण चुकीच्या टोकाला. रोज शटर उघडताना वाटायचं, आज सांगावं. पण सांगून दुकान कुणाच्या गळ्यात मारायचं? ज्याला नको, त्याच्या? ते पाप मी केलं नसतं."

"दादा, तू कधी बोलला नाहीस रे!" आई न राहवून म्हणाली.

मामांनी बटण सोडलं नव्हतं. "आता बोलतोय," ते म्हणाले. "हा पोरगा स्वतःच्या आनंदानं येतोय असं तू सांगितलंस, त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. काल तळ्यावरची जागा घेतली. दोन होड्याही घेतल्या. एकीचं वल्हं जुनं आहे, पण चालेल." मामांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढला, माझ्यासमोर ठेवला, आणि मग कुठे अंगठा उचलला.

टेबलाशी सगळे रडत होते. उपायकाका रिकाम्या खुर्चीवर सरकले आणि काकूंनी त्यांना रुमाल दिला. मामांनी संच माझ्या हातात परत दिला. माझी पाळी होती.

मी बटण दाबलं. दिवा लागला. सगळे पाहत होते, आणि सगळ्यांत जास्त मामा पाहत होते. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर मी "हं" सोडून दुसरं काही पाहिलं नव्हतं. आता तिथे एक तळं होतं आणि त्यात दोन होड्या. माझं वाक्य माझ्या तोंडात होतं. ते मी गिळलं. गिळताना त्याचे कोपरे लागले.

"मामा," मी म्हणालो, "यातली शटरची किल्ली कुठली?"

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

"बघा, किती स्पष्ट बोलला!" बाबा आनंदानं ओरडले. आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले.

वॉकीटॉकी मामा घेऊन गेले. होड्यांना हाका मारायला लागतो, म्हणाले. आत लाकूड आहे हे मी सांगितलं, तर म्हणाले, मग पाण्यात पडला तरी तरंगेल. संस्थेनं संच परत करण्याविषयी मला तीनदा कळवलं आहे. त्यांना मी दुकानातून, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, पुढीलप्रमाणे लिहून पाठवलं आहे.

महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, सदर अभ्यासात मला खोट्या गटात ठेवण्यात आले असल्याने माझ्यावर झालेला परिणाम आपल्या कार्यालयाकडून ग्राह्य धरला जात नाही. सबब मला पूर्वलक्षी प्रभावाने खऱ्या गटात वर्ग करण्यात यावे, माझ्या डाव्या कानास योग्य त्या लहरी लागल्या होत्या असे मानण्यात यावे, आणि नियमाप्रमाणे माझे आयुष्य आपल्या खर्चाने पूर्ववत करून मिळावे. मात्र तसे करताना मामांच्या होड्यांना हात लावू नये. प्रशासकीय अडचणींमुळे हे शक्य नसल्यास, खऱ्या गटातील ज्या व्यक्तीवर लहरींचा काहीही परिणाम झालेला नाही, तिची व माझी अदलाबदल करण्यात यावी, व संबंधित व्यक्तीस या दुकानात तात्काळ रुजू होण्याचे आदेश व्हावेत. शटरची किल्ली कुठली ते मी तिला समक्ष दाखवीन, ही नम्र विनंती.